लेकींना आणायला जाणारा माणूस

बोरदरीच्या नागोराव डंभाऱ्यांच्या लग्नाची गोष्ट घाटंजीकडच्या खेड्यांत अजून सांगतात. मुलगी पाहायला गेले होते. पोहे झाले, सुपारी फिरली, आणि मुलीच्या काकानं मोठेपणानं म्हटलं, "पोराले काही इचाराचं असन तं इचारू द्या जी. आजकाल इचारतात." सगळी बैठक नागोरावांकडं पाहायला लागली. नागोराव सतरंजीकडं पाहत होते. बापानं कोपर मारलं. शेवटी नागोरावांनी मान वर केली आणि म्हणाले, "कुत्रं पोहे खाऊन राह्यलं."

खरंच खात होतं. ओट्यावर पोह्यांची परात उघडी राहिली होती आणि बोलण्याच्या भरात कोणाचंच तिकडं लक्ष नव्हतं. दाराआड उभ्या असलेल्या रुक्मानं तोंडात पदर कोंबला आणि तिथंच ठरवलं म्हणे, की नवरा हाच. "बोलते कमी, पर पाह्यते बराबर," असं ती पुढं जन्मभर सांगत राहिली. त्यात कौतुक किती आणि कुरकुर किती, हे ज्या दिवशी जसं असेल तसं.

नागोराव मुके नव्हते, तोतरे नव्हते, घमेंडखोर तर मुळीच नव्हते. शब्द त्यांच्यापाशी होते. पण ते बाहेर काढायचे म्हणजे चारचौघांत सदरा उतरवून उभं राहिल्यासारखं त्यांना वाटे. "हं", "बरं" आणि "पाहू" एवढ्यावर त्यांचा वर्षाचा व्यवहार भागे. बैलबाजारात मात्र त्यांच्यासारखा माणूस नव्हता. तिथं रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरतो आणि तोंडानं माणसं भलतंच बोलतात, पाऊसपाण्याचं, पोरीबाळींचं. नागोराव ते भलतंही बोलत नसत. नुसती बोटं. त्यांच्या त्या दगडासारख्या चेहऱ्याकडं पाहून दलालच घाबरून खाली येई.

घरात दोघांचं बोलणं रुक्माबाई एकटी उरके. "जेवता काय? जेवतो म्हणा. भाजी कशी झाली? बरी झाली म्हणा." नागोराव "हं" म्हणत आणि संसार पुढं सरके. एक लेक झाली. महालक्ष्म्यांच्या दिवसांत झाली म्हणून गौरी. बोलण्यात ती पुरती आईवर गेली होती.

अशा माणसाकडं गावानं एक काम सोपवलं. कोणी आपण होऊन घेतलं नसतं असं काम.

त्या भागात रिवाज असा, की घरात बाप गेला, भाऊ गेला, तर सासरी असलेल्या लेकीला ते सरळ सांगायचं नाही. फोनवर तर नाहीच. गावातून कोणीतरी माणूस जातो, तिच्या अंगणात उभा राहतो आणि म्हणतो, "बाप बिमार हाय, चाल." त्या घरचं पाणी तो पीत नाही. तिला घेऊन निघतो. गावाच्या शिवेवर बाया सामोऱ्या येतात, तिला कवेत घेतात, आणि तिथं तिला कळतं. तोवर कळू द्यायचं नाही.

आधी हे काम उकंडा करी. उकंडा मनाचा भला, पण त्याच्या पोटात काही टिकत नसे. एकदा कळंबकडच्या एका लेकीला घेऊन येताना यवतमाळच्या एसटी स्टँडवर त्याला ओळखीचा माणूस भेटला. "काय उकंडराव, कुठी?" उकंडा मोठ्यानं म्हणाला, "मौतीले नेऊन राह्यलो जी इले, बाप गेला इचा." लेक मागंच उभी होती. ती तिथंच फरशीवर बसली. उसाच्या रसवाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळे गोळा झाले आणि परक्या माणसांच्या घोळक्यात तिनं हंबरडा फोडला.

गावातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बापूजींनी मग सांगितलं, "आता नागोरावले धाडत जा. थो सांग म्हणलं तरी सांगणार नाही."

तेव्हापासून नागोराव जायला लागले. आणि नेमकी तीच वर्षं आली, दोन हजार चार-पाचची. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. महागाचं बियाणं पेरावं तरी बोंडं किडत, आणि बोंडं टिकली तर भाव पडलेला असे. सकाळी सकाळी एखाद्या घरातून बायांचा आवाज उठे आणि लोक हातातलं काम ठेवून कानोसा घेत, कोणाच्या घरून. मग कोणीतरी डंभाऱ्यांच्या अंगणात येऊन उभं राही. काही सांगावं लागत नसे. नागोराव खुंटीवरचा दुपट्टा काढत, चपला घालत आणि निघत.

त्यांची पद्धत ठरलेली. अंगणात उभं राहायचं. "बाप बिमार हाय. चाल." लेक विचारी, "लई बिमार हाय काय काका?" "हं. काई नाई, होते बरा." एसटीत तिला खिडकी द्यायची, आपण बाजूला बसायचं, आणि वाटभर गप्प. लेकी डोळ्यांत डोळे घालून विचारत. काही हात धरत, काही भांडत. नागोरावांच्या चेहऱ्यावरची एक रेष हलत नसे. लोकांना वाटे, याच्या काळजाला घट्टे पडलेत. पण घरी आल्यावर ते दोन दिवस जेवत नसत, हे फक्त रुक्माबाईला ठाऊक होतं. एकदा तिनं विचारलं, "कसं जमते व तुमाले? तोंडावर आलं असन नं कधी?" नागोराव म्हणाले, "तेवढा रस्ता तिचा बाप जिता राह्यते." एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांत निघालं नव्हतं. रुक्माबाईनं पुन्हा विचारलं नाही.

मात्र त्याचा एक परिणाम झाला, जो कोणाच्या ध्यानात आला नव्हता. पंचक्रोशीत बोरदरीच्या जितक्या लेकी नांदत होत्या, त्या सगळ्या नागोरावांना ओळखायला लागल्या. दुपट्टा खांद्यावर टाकून ते कुठल्याही गावात शिरले, की बायांचे हात थबकत. पारव्याला एका लग्नात ते मांडवात येऊन बसले, तर नवरीच्या आईला, जी बोरदरीची होती, चक्करच आली. "माहा भाऊ," म्हणून ती जी बसली, ती भावालाच धरून आणून समोर उभा केला तेव्हा उठली. त्यानंतर नागोरावांनी लग्नांना जाणं सोडून दिलं. रुक्माबाई एकटीच जाई आणि आहेर देऊन येई.

आणि मग गौरीचे दिवस भरत आले.

गौरी फुलसावंगीला दिली होती. घर चांगलं, कापूस-तुरीचं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. पण नर्सबाईनं सांगितलं होतं, पोरीचा रक्तदाब वर चढतो, तिला जपा, धक्का बसेल असं काही कानावर पडू देऊ नका, लवकर घेऊन जा. आणायला पुतण्या सोनू जाणार होता, तर त्याला ताप आला. रुक्माबाई स्वतः गेली असती, पण वेचणीचा पहिला दिवस होता, शेतात दहीभात ठेवून सीतादहीची पूजा करायची होती, वेचणाऱ्या बाया बोलावून ठेवल्या होत्या.

"तुमी जा," ती म्हणाली.

नागोरावांनी तिच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं त्यात सगळं होतं.

"मले मालूम हाय काय म्हणता ते. काही होत नाही. लुगडं-नारळाची पिशवी देतो संगं. पिशवी पाहूनच समजते लोकाईले, की हा खुशीचा पाव्हणा हाय. पिशवी पुढं धरून चालजा."

ती पिशवी नागोरावांनी आर्णीपर्यंत मांडीवर घेऊन नेली. हिरवं लुगडं, नारळ, कानोले. आर्णीच्या स्टँडवर गाडी थोडी थांबली आणि खिडकीबाहेर एक बाई उभी दिसली. बोरदरीच्याच नागपुऱ्याची लेक. तिनं नागोरावांना पाहिलं. तिच्या हातातला डबा खाली पडला. "काका," एवढं म्हणून ती स्टँडच्या कट्ट्यावर कोसळली आणि रडायला लागली.

नागोराव गाडीतून खाली उतरले. उतरणं भाग होतं. "तुह्यासाठी नाही, बाई," ते म्हणाले. "तुहा बाप बरा हाय. काल शेतात भेटलता."

"मंग कोणासाठी जाता?"

"गौरीसाठी."

बाईनं डोळे पुसले, आणि मग ते मोठे केले. "अगं माय व. रुक्माकाकू?"

"नाई, नाई. काई नाई झालं," नागोराव म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द आजवर जितक्यांदा निघाले होते, तितक्यांदा काहीतरी झालेलं होतं. बाई नव्यानं रडायला लागली, या खेपेला रुक्माकाकूसाठी. तिला समजावता समजावता मागं भोंगा वाजला आणि महागावची गाडी पिशवीसकट निघून गेली. ती पिशवी पुढं कधीच सापडली नाही.

फुलसावंगीला नागोराव पोचले ते दुपारी, रिकाम्या हातानं, खांद्यावर दुपट्टा टाकून.

गौरी ओट्यावर तूर निवडत होती. तिनं वर पाहिलं. हसली, आणि मग हसणं तोंडावर तसंच राहून गेलं. तिची नजर बापाच्या हाताकडं गेली. पिशवी नव्हती. सोनूदादा येणार होता, तो आला नव्हता.

"माय कशी हाय?"

"बरी हाय. चाल."

लग्नाआधी माहेरी असताना गौरीनं असेच शब्द ऐकले होते. बाबा दुपट्टा घेऊन निघाले, की माय चुलीपाशी बसून सांगायची, आता बाबा तिथं जाऊन असं म्हणतील, काई नाई, होते बरा, चाल. माय ते म्हणताना डोळे पुसायची.

"बाबा, खरं सांगा."

"खरंच बरी हाय. काई नाई झालं."

आतून गौरीची सासू विमलबाई पाण्याचा गडवा घेऊन आली. नागोरावांनी सवयीनं हात आडवा केला, "राहू द्या." तसं हात आडवा करणं रीतीचंच होतं, लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरचं पाणी पीत नाही. पण विमलबाईला ते तसं दिसलं नाही. तिला दिसला तो बोरदरीचा नागोराव, जो निरोपाच्या घरी पाणी पीत नाही. तिनं गडवा मागं घेतला.

ते नागोरावांनी पाहिलं. गौरीचा पांढराफटक पडलेला चेहरा पाहिला. नर्सबाईचे शब्द आठवले. आणि त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. गडवा ओढून घेतला, तोंडाला लावला आणि साऱ्या आळीदेखत घटाघटा पाणी पिऊन रिकामा केला. घ्या, आता तरी.

विमलबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. "नेम मोडला त्याईनं," ती शेजारणीला हळूच म्हणाली. "आता कायचा नेम राह्यला बिचाऱ्याले."

गौरी दाराची चौकट धरून खाली बसली.

मग जे झालं ते नागोरावांना थांबवता आलं नाही. सगळी आळी रिवाजाप्रमाणं वागायला लागली. कोणी काही बोललं नाही, कारण बोलायचं नसतं. विमलबाईनं सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, "जाय बाई. होते बरी तुही माय." शेजारणीनं, सुतकात नेसायला म्हणून, गुपचूप तिच्या कपड्यांत एक जुनं लुगडं कोंबलं. जावई नागोरावांना बाजूला घेऊन कुजबुजला, "मामंजी, तुमी इले घेऊन पुढं व्हा. आमी महागावातून जीप करतो, माणसं घेऊन मांगून येतो."

"जवाईबापू, तसं काही नाही."

"हो, हो," जावई समजुतीनं म्हणाला. "तसं काही नाही."

स्टँडपाशी फोनचा बूथ होता. गौरी तिथं थांबली. "लावा," ती म्हणाली. बोरदरीत फोन एकच, रूपसिंगच्या दुकानात. घंटी वाजत राहिली. कोणी उचलला नाही.

"रूपसिंगकाकाचं दुकान बंद हाय," गौरी म्हणाली. "गावात मौत झाली तवाच थे दुकान बंद राह्यते."

"आज घाटंजीचा बाजार हाय. बाजाराले गेला असन."

"बाजाराले गेला तं काकू बसते दुकानात."

"वेचाले गेली असन."

"असन?"

दुसरा कोणी असता तर छातीवर हात ठेवून म्हणाला असता, गेली म्हणजे गेलीच, मी पाहिली. पण नागोरावांनी रूपसिंगच्या बायकोला पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेलं त्यांच्या तोंडातून निघत नसे. ते गप्प बसले. गौरीनं त्या गप्प बसण्याकडं पाहिलं आणि फोन ठेवून दिला.

एसटीत त्यांनी तिला खिडकी दिली. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण खिडकी दिली. दरवेळी देतो तशी.

महागाव मागं पडलं. बाहेर पांढरी झालेली पऱ्हाटी, वेचणाऱ्या बायांच्या रांगा. गौरी एक हात पोटावर ठेवून बसली होती. रडत नव्हती. तिचा श्वास मात्र आखूड झाला होता, आणि कपाळावर घामाचे थेंब. नागोरावांनी ते पाहिलं. या पोरीला काही झालं, पोटातल्या जिवाला काही झालं, तर ते आपल्या गप्प बसण्यापायी होईल. आपलं "काई नाई" वापरून वापरून इतकं खोटं झालंय, की आज ते खरं असूनही चालत नाही.

"तुही आन," ते म्हणाले. "माय बरी हाय."

"लटकी आन खाऊ नका, बाबा."

"सकाळी भाजी खारट झालती."

गौरीनं चमकून पाहिलं. "तुमी इतकं काहून बोलून राह्यले?" तिच्या डोळ्यांत भीती आणखी दाटली. "तुमी कधी बोलत नाही इतकं."

आता काय करावं? बोललं तर ती घाबरते, गप्प बसलं तर घाबरते. नागोराव समोरच्या सीटची दांडी घट्ट धरून बसले. आणि एकाएकी त्यांना रुक्माबाईचा राग आला. खराखुरा राग. तिनंच पाठवलं होतं. मी नको म्हणत होतो. म्हणजे मनात म्हणत होतो.

"म्या म्हटलं होतं तिले," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच मोठा वाटला. "म्या म्हटलं, मी जात नाही, सोनूले बरं वाटल्यावर धाडू. म्हंजे मनात म्हटलं. पर तिले मनातलं समजते, मंग हे काहून नाही समजलं? तिच्या सोयीचं असन तेवढंच समजते. पिशवी पुढं धरून चाला म्हणते. मी काय वरातीतला घोडा हाय?"

गौरी बघत राहिली.

"आन माहा रेडू देऊन टाकला तिनं."

"रेडू?"

"माहा रेडू. बातम्या आयकाचा. बहिणीच्या पोराले देला. मले इचारलं नाही. संध्याकाळी घरी आलो, तं कोनाडा रिकामा. म्या इचारलं नाही, तिनं सांगतलं नाही. चार दिवस झाले, मी तिच्यासंगं बोललो नाही."

"मंग मायनं काय म्हटलं?"

"तिच्या ध्यानातच आलं नाही, मी बोलत नाही म्हणून."

पुढच्या सीटवरच्या म्हातारीचे खांदे हलले. नागोरावांना ते दिसलं नाही. ते आता थांबण्याच्या पलीकडं गेले होते.

"काल सांजच्याले म्हणते," आणि इथं नागोरावांनी आवाज वर चढवला, मान तिरकी केली आणि हुबेहूब रुक्माबाई झाले, "'अवो, आयकून राह्यले काय? पोट्टी येते तं खाटेची सुतळी आवळून ठेवा. आवळतो म्हणा. आन माचीवरचं गाठोडं काढा. नाही काढलं? मले मालूमच होतं. देवानं मले नवरा देला का निंबाचं झाड देलं, काही समजत नाही, झाडाची सावली तरी हलते बाप्पा.'"

गौरीच्या तोंडून आवाज फुटला. तो हुंदका की हसणं, हे तिलाही आधी कळलं नसावं. हसणंच निघालं. तीस वर्षं हा माणूस गप्प बसून होता, पण ऐकत होता. रुक्माबाईचा एकेक शब्द, एकेक हेल, कुठं श्वास घेते, कुठं भांडं आपटते, सगळं त्यांच्यापाशी जपून ठेवलेलं होतं. ते आता बाहेर पडायला लागलं. रुक्माबाई कोंबडीशी कशी भांडते. सोनूच्या तापाला तिनं काय काय पाजलं. सासरच्या माणसांना नावं ठेवताना आधी त्यांचं कौतुक कसं करते. दोन सीट मागचा माणूस उठून जवळ येऊन उभा राहिला. कंडक्टर तिकिटाची पेटी मांडीवर घेऊन बसला.

पुढची म्हातारी मागं वळली. "बाई," ती गौरीला म्हणाली, "तुही माय बिमार हाय म्हणून चालली काय व तू?"

"हो, आजी."

"मंग सावकाश जाय. मेलेल्या बाईची इतकी चुगली कोणी करत नाही. जित्या बायकोचाच असा राग येते."

गौरी हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता तिनं बापाच्या दंडावर डोकं टेकलं. तिचा श्वास लांब झाला. नागोराव थांबले. घाम पुसला. आपण काय काय बोललो हे आठवून त्यांचे कान तापले, आणि आर्णी येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले.

आर्णीहून गाडी बदलल्यावर गौरीनंच विचारलं. "बाबा, त्या बायाईले आणता, तवा असेच चूप बसून येता?"

"हं."

"काहून?"

"तेवढा रस्ता तिचा बाप जिता राह्यते."

गौरीनं विचार केला. ती आता बरी दिसत होती, गालांवर रंग आला होता, आणि बोलली ती अगदी शांतपणे. "नाई राहत, बाबा. मी आता तिथूनच आली नं. ओट्यावर तुमाले पाह्यलं तवाच माय गेली होती. आन मंग मी एकटी होती. तुमी बाजूले बसून होते, तरी एकटीच होती."

 या खेपेचं नागोरावांचं गप्प बसणं वेगळं होतं. आजवर आणलेल्या एकेक लेकीचा खिडकीकडं वळलेला चेहरा ते बघत होते.

घरी पोचले तेव्हा रुक्माबाई दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून. "इतका उशीर कायनं झाला? पिशवी कुठी हाय? लुगडं आवडलं काय इहिणीले? बोला नं." गौरीनं तिच्या गळ्यात हात टाकले ते सोडवेनात. "अशी काय करतं व पोरी, मी काय मेली काय?" तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप येऊन थांबली. जावई, विमलबाई आणि पांढऱ्या टोप्या घातलेली आठ-दहा माणसं खाली मान घालून उतरली. रुक्माबाईनं एकेकाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं, आणि सगळं समजली. "या," ती म्हणाली. "आले तं आता जेवूनच जा. माह्या मौतीचं जेवण मी स्वतः वाढलं, असं नशीब कोणाचं हाय?" त्या जेवणाची गोष्ट फुलसावंगीत अजून निघते.

गौरीला मुलगी झाली. दोघी चांगल्या राहिल्या.

उन्हाळ्यात शेजारचे दादाराव गेले. त्यांचं शेत नागोरावांच्या शेताला लागून होतं. दोघांचा धुरा, म्हणजे बांध, एक. दादारावांची लेक शकुन कळंबला दिलेली. बापूजींचा निरोप आला आणि नागोरावांनी दुपट्टा घेतला.

शकुन अंगणात पापड वाळत घालत होती. नागोरावांना पाहून तिचे हात थांबले. "काका, बाबा बिमार हाय नं?"

नागोराव तिच्यासमोर जमिनीवर बसले. उभे राहिले नाहीत. शब्द काढायला त्यांना फार वेळ लागला.

"दादाराव गेले, बाई," ते म्हणाले.

आळीतल्या बाया धावल्या. एक म्हातारी संतापून बोलली, "अशी गोष्ट तोंडावर सांगतात काय? लाज नाही वाटत? इतका जाणता माणूस." नागोरावांनी ऐकून घेतलं. शकुन रडून रडून थकेपर्यंत ते तिथंच उन्हात बसून राहिले. तिनं पाणी मागितलं, तेव्हा त्यांनीच उठून आणलं.

गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. यवतमाळ गेलं. मग नागोरावांनी घसा खाकरला.

"परवा तुहा बाप धुऱ्यावर आलता," ते म्हणाले. "मले म्हणे, नागोभाऊ, तुह्या नातीच्या बारशाले मले पेढे कमी भेटलते. म्या म्हटलं, हं. थो म्हणे, हं नाही, मोजून दे."

शकुननं तोंड वळवलं. "मंग?"

"मंग म्या पेढे नेले. थो म्हणे, आता हे मी खात नाही, माही शकुन सक्रांतीले आलती तवा तिले गोड खाऊ देलं नाही तिच्या मायनं, दाढ दुखे म्हणून. हे तिच्यासाठी ठेवतो."

शकुन रडली. पण खिडकीकडं वळली नाही. "आनखी सांगा, काका."

नागोरावांनी सांगितलं. दादाराव बैलाला शिव्या देताना मधेच गाणं कसं म्हणत. माकडांना हाकलायला गेले आणि माकडांनीच त्यांची भाकर कशी पळवली. शेजारच्या धुऱ्यावरून जे वर्षानुवर्षं नुसतं ऐकलं होतं, ते सगळं दादारावांच्या आवाजात, दादारावांसारखं हात हलवून. त्यांचा घसा बसत चालला होता. घाटंजीहून गावापर्यंत ती दोघं बैलगाडीतून आली आणि सांगणं चालूच होतं.

शिवेवर बाया उभ्या होत्या. गाडी दिसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावले आणि आवाज उठला. रुक्माबाई सगळ्यांत पुढं होती, हात पसरून. गाडी थांबली. शकुन उतरली नाही. तिनं हात वर केला.

"थांबा व काकू, जरासं," ती म्हणाली. "काकाचं सांगणं होऊ द्या."

बाया गप्प झाल्या. रुक्माबाई तोंड उघडं टाकून नवऱ्याकडं पाहत राहिली. नागोरावांनी खाली पाहिलं, दुपट्ट्यानं तोंड पुसलं, आणि सगळ्या गावाच्या बायांसमोर, बसलेल्या आवाजात, दादारावांच्या माकडाची गोष्ट पुरी केली.